वृत्तपत्री कागदाची आयात : नुसती रक्कम पाहून फसू नका

भारत आणि पाकिस्तान यांच्या आयातीची तुलना अनेकदा वाचनात येते. त्यात वृत्तपत्री कागदही असतो. ज्या देशाने जास्त रकमेचा कागद मागवला तिथे वाचक जास्त, असा अर्थ लगेच काढला जातो. आम्ही शहागंजात कापड विकणारी माणसे. आम्हाला हा हिशेब कच्चा वाटतो.

आयातीची रक्कम तीन गोष्टींनी बनते : मालाचे वजन, टनाचा भाव आणि डॉलरचा दर. दोन्हीकडचे चलन रुपयाच, पण दोन्ही रुपये सारखे नाहीत. समजा, कागदाचा भाव टनाला ६०० डॉलर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एका डॉलरला भारतात सुमारे ८३ रुपये पडत होते, पाकिस्तानात सुमारे ३००. म्हणजे तोच एक टन इकडे ४९,८०० रुपयांना, तर तिकडे १,८०,००० रुपयांना. रक्कम साडेतीन पटींहून जास्त, कागद मात्र तेवढाच! म्हणून आधी डॉलर पाहावेत, मग टन, आणि शेवटी लोकसंख्येने भागावे.

दुसरी गोष्ट घरच्या गिरणीची. बऱ्हाणपूरला माल आणायला जाणाऱ्यांना जवळचे नेपानगर ठाऊक आहे. तिथली नेपा मिल पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केली. सलईचे लाकूड आणि बांबू यांपासून तिथे वृत्तपत्री कागद होऊ लागला. देशात बनलेला कागद आयातीच्या आकड्यात येत नाही. पाकिस्तानची अशी गिरणी खुलन्यात होती. ती सुंदरबनातल्या लाकडावर चाले. १९७१ साली खुलना बांगलादेशात गेले आणि कालचा घरचा कागद पाकिस्तानला परदेशी झाला. कराचीचा वाचक तोच राहिला, बदलले ते हिशेबाचे खाते. पुढे २००२ साली ती गिरणीही बंद पडली.

आयात घटली म्हणजे देश स्वावलंबी झाला, असेही नाही. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेत डॉलरची टंचाई झाली, कागद मिळेना, आणि 'द आयलंड' व 'दिवयिन' या दैनिकांना छापील अंक थांबवावे लागले.

शिवाय जकात आयातीच्या रकमेत धरत नाहीत. आपल्याकडे या कागदावर जुलै २०१९ मध्ये १० टक्के जकात लागली, २०२० मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. ते पैसे आयातीच्या आकड्यात दिसत नाहीत, पण छापणाऱ्याच्या खिशातून जातात. मोठी दैनिके हे सोसतात. लहान साप्ताहिकाला पाने कमी करावी लागतात.

हीच चूक आम्ही दुकानात केली आहे. एका ईदच्या हंगामात गल्ला मागच्या वर्षाहून जास्त जमला. आम्ही खूश होऊन उधारीवर आणखी माल भरला. नंतर तागे मोजले तर विक्री कमीच झाली होती. वाढला होता तो भाव. तो माल काढायला पुढचे दोन हंगाम गेले.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बंधूंनी आपल्या वहीत रकमेशेजारी नग, मीटर किंवा किलो यांचा रकाना जरूर ठेवावा. देशाचा हिशेब असो की दुकानाचा, माल मोजल्याशिवाय रकमेवर भरवसा ठेवू नये.