ओळंबा नेमके काय शोधतो?

वेड्यावाकड्या आकाराचा पुठ्ठा खिळ्याला मोकळा टांगावा, त्याच खिळ्यावरून ओळंबा सोडून रेघ आखावी, दुसऱ्या ठिकाणी भोक पाडून हीच कृती पुन्हा करावी आणि दोन रेघा जेथे छेदतील तेथे वस्तुमानमध्य आहे असे समजावे, हा शाळेतील परिचित प्रयोग आहे. काटेकोरपणे पाहता या रीतीने सापडतो तो गुरुत्वमध्य, म्हणजे सर्व कणांवरील गुरुत्वबलांची बेरीज जेथे कार्य करते असे मानता येते तो बिंदू. वस्तुमानमध्य हा कणांच्या स्थानांची वस्तुमानानुसार काढलेली सरासरी असल्याने त्याच्या व्याख्येत पृथ्वी कोठेच येत नाही.

गुरुत्वत्वरण वस्तूभर सारखे असेल, तर दोन्ही बिंदू एकच ठरतात. प्रत्यक्षात ते एक किलोमीटर उंचीवर सुमारे ०.०३ टक्क्यांनी घटते. म्हणून तेवढ्या उंचीच्या एकजिनसी खांबाचा वस्तुमानमध्य ५०० मीटरवर असला, तरी गुरुत्वमध्य त्याखाली सुमारे २.६ सेंटीमीटर असतो. हे अंतर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने एक मीटरच्या उभ्या काठीत ते २६ नॅनोमीटर एवढेच उरते, आणि पेन्सिलीच्या रेघेची जाडीच त्याच्या हजारो पट असल्यामुळे शाळेच्या प्रयोगाला दोष देणे अन्यायाचे होईल.

अवकाशात मात्र हा फरक कामाला लावता येतो. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडलेला आणि जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया यानाने परत आणलेला, सुमारे ९ मीटर लांबीचा ‘एलडीईएफ’ हा उपग्रह आपला लांब अक्ष पृथ्वीच्या दिशेने रोखून फिरत राहिला, तो याच तत्त्वावर. असा उपग्रह कलला की पृथ्वीकडील टोक किंचित अधिक ओढले जाते, एकत्रित बलाची रेषा वस्तुमानमध्याच्या बाजूने जाते आणि उपग्रहाला पुन्हा उभा करणारे बलआघूर्ण, म्हणजे फिरवणारा परिणाम, निर्माण होतो. कलण्याबरोबर गुरुत्वमध्य सरकतो, वस्तुमानमध्य जागचा हलत नाही.

कक्षेत ओळंबा लोंबत नसल्याने तेथे वस्तुमानमध्य शोधण्याची रीतही वेगळी आहे. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस मोहिमेच्या दोन्ही उपग्रहांत त्वरणमापक वस्तुमानमध्यावरच असणे आवश्यक होते, परंतु नियंत्रणासाठीचा वायू खर्च होताना तो बिंदू सरकत असे. म्हणून चुंबकीय बलाने उपग्रह हलके डोलवून, मापकात उमटणाऱ्या त्वरणावरून हे अंतर काढले जाई आणि सरकत्या वजनांच्या साहाय्याने ते भरून काढले जाई.