‘प्राइड’ हा शब्द कोणाच्या मालकीचा?

मद्याच्या जाहिरातींना दूरचित्रवाणीवर बंदी असल्याने बाटलीचे नाव आणि लेबल हेच कंपनीचे खरे भांडवल ठरते. त्यामुळेच ‘ब्लेंडर्स प्राइड’ आणि ‘इम्पीरियल ब्लू’ या व्हिस्कींच्या पर्नो रिकार्ड कंपनीने इंदूरच्या ‘लंडन प्राइड’विरुद्ध न्यायालयात धाव घेतली. एकीचे नाव आणि दुसरीच्या वेष्टनाचे रंगरूप उचलल्याचा तिचा आरोप होता. 14 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. ‘प्राइड’ हा व्यापारात रुळलेला प्रशंसावाचक शब्द आहे. चिन्हांचे तुकडे न पाडता त्यांची एकूण छाप पाहावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. महागडी व्हिस्की घेणारा ग्राहक चोखंदळ असतो, हेही न्यायालयाने विचारात घेतले. दुकानाच्या जाळीबाहेरून घाईने बाटली मागणाऱ्याबाबत मात्र हे गृहीतक जरा उदारच वाटते. मूळ दाव्याचा निर्णय इंदूरच्या वाणिज्य न्यायालयाकडेच ठेवण्यात आला.