हौद्यावरची ताडपत्री

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतला शेतमाल आज मुख्यतः पिकअप या हलक्या मालवाहू वाहनातून बाजाराला जातो, आणि या वाहनाचा मागचा भाग, ज्याला सर्वत्र हौदा म्हणतात, तो बहुधा उघडाच असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात दुपारचे ऊन भाजून काढते. त्यामुळे हौद्यावर काय घातले आहे आणि ते कसे बांधले आहे, यावर माल कोणत्या भावाने जाईल हे बऱ्याच अंशी ठरते. वाहन घेताना महिनोन्‌महिने विचार करणारा मालक ताडपत्री मात्र दुकानात हाताला लागेल ती उचलतो, ही गोष्ट खेदाची आहे.

भाताचे उदाहरण या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. खरिपाचे भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापून झोडले जाते आणि नेमके तेव्हाच परतीच्या किंवा अवकाळी पावसाचे भय असते. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर आधारभूत किमतीने भात घेतले जाते तेव्हा दाण्यातील ओलावा १७ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा शासकीय निकष आहे. खळ्यावर नीट वाळवलेले भातही वाटेतल्या एका सरीत भिजू शकते, कारण तागाचे बारदान पाणी शोषून घेते आणि ते आतल्या दाण्यापर्यंत पोहोचवते. अशा वेळी गोण्या परत नेऊन पुन्हा वाळवण्यात मजुरी आणि भाडे दोन्ही दुप्पट होतात.

आच्छादनाच्या कापडांत सर्वांत जुने म्हणजे सुती कॅनव्हास. त्याचे धागे भिजल्यावर फुगून विणीतील छिद्रे बुजवतात, त्यावर मेणाचा लेप असतो आणि कुजू नये म्हणून तांब्याच्या संयुगांची प्रक्रिया केलेली असते. ते हवा खेळू देते, पण जड असते आणि ओले घडी केल्यास त्याला बुरशी लागते. दुसरा प्रकार एचडीपीईचा, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिलीनच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर चढवलेल्या कापडाचा. त्यासाठी भारतीय मानक ७९०३ आहे. तिसऱ्या प्रकारात विणकाम नसते, प्लास्टिकचे थर एकमेकांना आडवे-तिरपे चिकटवलेले असतात, आणि सुप्रीम इंडस्ट्रीजचे सिल्पॉलिन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. चौथे, पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा लेप दिलेले कापड, सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग असते. जाडी दोन मापांत सांगितली जाते: जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या दोन आकड्यांची सरमिसळ करून पातळ माल जाड म्हणून खपवला जाऊ शकतो, म्हणून कापड प्रत्यक्ष तोलून घेणे उत्तम. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्लास्टिकचे रेणू तोडतात, यासाठी यूव्ही प्रतिबंधक मिसळलेलेच कापड घ्यावे.

भाजीपाल्याला मात्र पूर्ण बंद आच्छादन अपायकारक ठरते. भेंडी, काकडी, कारली किंवा मेथीची जुडी तोडल्यानंतरही श्वसन करीत राहते, त्यातून उष्णता आणि वाफ निघते, ती प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमून पुन्हा मालावर गळते, आणि ओलसर उष्णतेत भेंडीच्या शिरा काळ्या पडतात. कल्याणच्या बाजारात पहाटे उतरणारा क्रेटचा माल चांगला दिसावा असे वाटत असेल तर उन्हाळ्यात वर हिरवी शेडनेट पुरते, आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली लोखंडी कमानी बसवून मागे फाळक्याजवळ वाऱ्याला वाट ठेवावी लागते. कमानींचा दुसरा उपयोग असा की कापडाला मध्ये उतार मिळतो. नाहीतर खोलगट भागात पाणी साचून त्याच्या वजनाने ताडपत्री फाटते.

माप काढण्याची रीत सोपी आहे. हौदा ९ फूट लांब व साडेपाच फूट रुंद आणि माल ४ फूट उंच धरला, तर पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार फूट सोडून १७ फूट लांब व साडेतेरा फूट रुंद कापड लागते, म्हणजे बाजारातील १८ बाय १५ ची ताडपत्री घ्यावी. कडा दुमडून शिवण घातल्यावर हे माप काही इंचांनी कमी भरते, हेही लक्षात ठेवावे. कापडाची कड फाळक्याच्या बाहेर उतरली पाहिजे, आत राहिली तर सगळे पाणी हौद्यातच उतरते.

बांधणीचे महत्त्व वेगाबरोबर वाढते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून ताशी ४० किलोमीटरवर जेवढा ताण येतो त्याच्या चौपट ८० वर येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शहापूर तालुक्यातून जाणारा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाटाच्या सवयीने सैल बांधलेली ताडपत्री तेथे चालत नाही. सैल कापड फडफडते, रिंगांजवळ चिरते आणि मग एका रिंगेचा भार शेजारच्या रिंगांवर पडत जातो. जुन्या ट्यूबचे पट्टे कापून रिंग आणि हूक यांच्यामध्ये ताणून बसवण्याची चालकांची पद्धत खरोखर शहाणपणाची आहे, कारण झटका रबर सोसते आणि रिंग शाबूत राहते. वरून नायलॉनची दोरी आडवी-तिडवी टाकली की काम पक्के होते.

शेतघरांच्या मालकांकडील इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांवर घडीचे अथवा गुंडाळायचे कडक झाकण दिसते. सामानाच्या सुरक्षिततेसाठी ते उत्तम. मात्र माल हौद्याच्या काठापर्यंतच राहिला पाहिजे ही त्याची अट असल्यामुळे गवताच्या गाठी नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. कायमची लोखंडी चौकट जोडण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, कारण मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. आणि ताडपत्री घातली म्हणून बाजूंना बाहेर आलेला माल नियमात बसत नाही, त्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड आहे.

ताडपत्रीचे आयुष्य घरी परतल्यानंतरच्या अर्ध्या तासावर अवलंबून असते. चिखल धुऊन, पूर्ण वाळवून, दर वेळी घडीची रेघ बदलून ती उंदरांपासून दूर ठेवावी. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या अखेरीस, भर उन्हात दोघांनी ती डोक्यावर धरून खालून पाहावे. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसेल तेथे त्याच कापडाचा तुकडा चिकटवावा, आणि असे उजेडाचे ठिपके सर्वत्र पसरलेले दिसले तर ती भात झोडताना खळ्यावर अंथरण्यासाठी काढून पाऊस सुरू होण्यापूर्वी नवी घ्यावी.