पाण्याची चव, माशाची चव

समुद्राचा मासा चवदार की नदीचा? पुण्यात हा वाद अनेक घरांत ऐकू येतो. कोकणातून येऊन पुण्यात स्थायिक झालेली माणसे म्हणतात, "मासा खावा तर समुद्राचाच. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो." सोलापूरकडची किंवा मराठवाड्यातली माणसे म्हणतात, "ताजी मरळ किंवा रोहू खाऊन पाहा. समुद्राच्या माशाचा वास तर हाताला दिवसभर राहतो." दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. ते कोणते, हे आपण पाहू.

पुण्याला समुद्र नाही. तरीही गणेश पेठेतील मासळी बाजारात तीन प्रकारच्या पाण्यातली मासळी येते. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा ही समुद्राची मासळी. खाडीत, म्हणजे जिथे नदीचे व समुद्राचे पाणी मिसळते तिथे, मिळणारी ती खाडीची मासळी. रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगटा, चिलापी ही नद्या, धरणे व तळी यांतली मासळी. नदीच्या पाण्याला मराठीत 'गोडे पाणी' म्हणतात आणि उर्दूत 'मीठा पानी' म्हणतात. दोन्ही भाषांनी या पाण्याला गोड म्हटले आहे, कारण ते खारट नाही. माशांच्या चवीतला फरक इथूनच सुरू होतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा खाऱ्या पाण्यात राहणे सोपे नाही. समुद्रातील अनेक प्राणी आपल्या शरीराचा तोल सांभाळण्यासाठी पेशींमध्ये काही विशेष पदार्थ साठवतात. त्यांतील काही पदार्थ जिभेला गोडसर आणि रुचकर लागतात. कोळंबीला जी गोडी असते, ती अशाच एका पदार्थामुळे येते. त्याचे नाव ग्लायसिन. समुद्राच्या माशात आणखी एक पदार्थ असतो. त्याला स्वतःला वास नसतो. परंतु मासा मेल्यावर जिवाणू त्या पदार्थाचे रूपांतर दुसऱ्या पदार्थात करतात आणि त्याला उग्र वास येऊ लागतो. आपण ज्याला 'मासळीचा वास' म्हणतो, तो बराचसा हाच. म्हणून अगदी ताज्या समुद्री माशाला असा वास फारसा येत नाही. मुंबईहून पुण्यापर्यंतचा प्रवास सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. वाटेत बर्फ कमी पडला, तर हा वास वाढत जातो.

गोड्या पाण्यातील माशांमध्ये हा पदार्थ अगदी थोडा असतो. त्यामुळे त्यांना तो उग्र वास कमी येतो. मात्र त्यांची अडचण वेगळी आहे. साचलेल्या पाण्यात व चिखलात काही सूक्ष्म जीव वाढतात. ते जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून जो मातीचा वास येतो, तोही मुख्यतः याच पदार्थाचा असतो. पावसात तो आपल्याला आवडतो, ताटात मात्र नकोसा वाटतो! मासा पाण्यात श्वास घेतो, तेव्हा कल्ल्यांवाटे जिओस्मिन त्याच्या शरीरात जाते. म्हणून संथ तळ्यातील माशाला मातकट चव येते आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या माशाला ती फारशी येत नाही. काही मत्स्यपालक विक्रीपूर्वी मासे काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतात. त्यामुळे हा मातकटपणा कमी होतो.

आता स्वयंपाकघरात पाहा. कोकणात माशाच्या कालवणात कोकम म्हणजे आमसूल घालतात. देशावर चिंच घालतात. मासा तळण्यापूर्वी त्याला लिंबाचा रस लावतात. हे सर्व आंबट पदार्थ आहेत. आंबटपणामुळे समुद्री माशाचा उग्र वास दबतो आणि नदीच्या माशातील जिओस्मिनही कमी होते. आपल्या आजी-पणजींना या पदार्थांची शास्त्रीय नावे ठाऊक नव्हती, पण उपाय अचूक ठाऊक होता.

चवीतला सगळाच फरक पाण्याचा नसतो. काही फरक माशाच्या राहणीचाही असतो. बांगडा सतत पोहत असतो. त्याच्या अंगात तेल जास्त व मांस थोडे गडद असते, म्हणून त्याची चव ठसठशीत लागते. पापलेटचे मांस पांढरे, मऊ आणि सौम्य चवीचे असते. बोंबलाच्या मांसात पाणी फार असते. तो ताजा असताना अगदी लुसलुशीत लागतो, तर वाळवल्यावर त्याची चव आणि वास दोन्ही तीव्र होतात. रोहू आणि कटला यांचे मांस सौम्य असते. ते मसाल्याची चव चांगली घेते. मात्र त्यांच्या मांसात इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात, म्हणून ते सावकाश खावे लागतात. मरळीत असे बारीक काटे नसतात. म्हणून नदीचे मासे खाणारे तिला मान देतात.

मासा कोणत्याही पाण्यातला असो, तो ताजा हवा. ताज्या माशाचे डोळे चमकदार आणि कल्ले लालसर असतात. अंगावर बोट दाबले तर खळगा लगेच भरून येतो.

आता आपल्या शहराच्या नद्यांकडे वळू. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास केला आणि त्यांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठा नदीत मिळालेल्या एका माशाला त्याने 'खुद्री' असे नाव दिले. हा महासीर जातीचा मासा. आजही जगभरातील शास्त्रज्ञ त्याला 'टॉर खुद्री' म्हणून ओळखतात. महासीरला वाहते आणि स्वच्छ पाणी लागते. आज पुणे शहरातील मुळा-मुठेच्या पात्रात सांडपाणी मिसळते. तिथले कित्येक जुने मासे नाहीसे झाले आहेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला चिलापी हा मूळचा आफ्रिकेचा मासा. तो घाण पाणीही सोसतो, म्हणून तो टिकून राहतो. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या पाण्यातही आता चिलापी मोठ्या प्रमाणावर मिळतो. मुळा-मुठेचे पाणी शेवटी त्याच भीमेत जाते. म्हणजे आपण पुण्यात नदीत जे सोडतो, ते वाहत जाऊन भिगवण-इंदापूरकडच्या मच्छीमारांच्या जाळ्यापर्यंत पोहोचते आणि कधी कधी माशाच्या रूपाने आपल्याच ताटात परत येते.

तेव्हा समुद्राचा मासा चांगला की नदीचा, या वादाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारावे. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांनी मान्य करायला हवी. मासा ज्या पाण्यात राहतो, त्या पाण्याचे गुणदोष तो आपल्या अंगात घेतो. ज्याला चांगला मासा खायचा आहे, त्याने आधी पाणी चांगले ठेवले पाहिजे.