समुद्राच्या तळचें खैरवन

सुटीच्या दिवशीं विरारकडील एखादें कुटुंब सकाळची गाडी धरून चर्चगेटास उतरतें आणि मुलांस घेऊन छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावयास जातें, हा प्रघात आतां जुना झाला आहे. इ. स. १९२२ मध्यें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें उघडलेल्या या वास्तूंत मुलें प्रथम धांव घेतात ती प्राण्यांच्या दालनाकडे. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साह्यानें उभें राहिलेलें हें दालन लोकांस समजावून देण्यासाठीं १९२६ सालीं तरुण सलीम अलींची नेमणूक झाली होती. तेथील कांचेआडच्या देखाव्यांत प्राण्याभोंवतीं त्याचें रान, त्याचें पाणी आणि त्याचा चिखलही मांडलेला असतो. रोहित पक्षी उथळ पाण्यांत, तर धनेश उंच झाडावर. जो जीव जेथें राहतो तेथेंच तो कां राहतो, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे उलट दिशेनेंही विचार करतां येतो. जीवाचे अवशेष पाहून तेथील पूर्वींची भूमि ओळखतां येते. याचें एक उत्तम उदाहरण त्या संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर, मुंबईच्या गोदींत, सांपडलें आहे.

इ. स. १८७५ च्या नोव्हेंबर महिन्यांत प्रिन्सेस डॉक या गोदीची कोनशिला बसविण्यांत आली आणि १८८० च्या जानेवारींत ती गोदी जहाजांस खुली झाली. मधल्या काळांत बंदराच्या पूर्व अंगास खोल खोदकाम चाललें होतें. समुद्राचें पाणी अडवून मजूर निळसर गाळ उपसूं लागले, तों त्या गाळाखालीं झाडांचीं खोडें लागलीं. एक-दोन नव्हेत, मोजतां मोजतां तीं ३८२ भरलीं. त्यांपैकीं २२३ उभीं होतीं आणि १५९ आडवीं पडलेलीं होतीं. लांकूड तपासतां तें बहुतांशीं खैराचें निघालें. कामावरील इंजिनिअर जी. ई. ऑर्मिस्टन यांनीं या बुडालेल्या जंगलाचें वर्णन लिहिलें व तें १८७८ सालीं भारतीय भूगर्भशास्त्र खात्याच्या नियतकालिकांत छापून निघालें. पुढें अलेक्झांड्रा गोदी खणली गेली तेव्हांही अशींच खोडें हातीं आलीं.

आतां येथें सूक्ष्म विचार करणें अवश्य आहे. समुद्रांत लांकूड सांपडलें, एवढ्यावरून तेथें जंगल होतें असें ठरत नाहीं. पावसाळ्यांत वैतरणेच्या पुराबरोबर किती तरी ओंडके वाहत येऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यास लागतात. मग गोदींतील खोडें तशींच वाहून आलीं नसतील कशावरून? याचें उत्तर त्या २२३ उभ्या खोडांनीं दिलें. वाहत आलेला ओंडका आडवा पडतो. शेंकडों ओंडके आपापल्या मुळांवर सरळ उभे राहत नाहींत. जेथें मुळें तेथेंच झाड वाढलें, हें यावरून सिद्ध झालें.

दुसरी शंका अशी कीं, खाडीच्या चिखलांत तिवरही वाढतें. मग हें त्याच प्रकारचें रान कशावरून नसेल? येथें झाडाची जात उपयोगीं पडते. तिवरास खारें पाणी मानवतें, कारण त्याची घडणच तशी आहे. खैर हा डोंगरउताराचा व कोरड्या जमिनीचा वृक्ष. विड्यांत घालावयाचा कात ज्याच्या गाभ्यापासून निघतो तोच हा खैर. कातकरी या जमातीचें नांवही त्या कातावरूनच पडलें आहे. ठाणें-पालघरच्या रानांत तो आजही आढळतो. परंतु भरतीचें पाणी रोज मुळांशीं आलें तर तो जगत नाहीं. गोदींतील खोडांचीं मुळें तर ओहोटीच्या पाण्याच्याही खालच्या पातळीवर होतीं. सारांश, ज्या काळीं तें रान हिरवें होतें त्या काळीं ती जागा भरतीच्या आवांक्याबाहेर, उंच व कोरडी असली पाहिजे.

मग तें लांकूड कुजलें कसें नाहीं? कुजण्यास हवा लागते. पाण्यांत उघड्या राहिलेल्या लांकडास समुद्रांतील किडेही पोखरून टाकतात. परंतु बारीक गाळाचा जाड थर बसला कीं हवेचा शिरकाव खुंटतो, किड्यांची वाट बंद होते आणि तीं खोडें जणूं पेटींत ठेवल्यासारखीं राहतात.

आतां जमीन खचली कीं समुद्र चढला? दोन्ही गोष्टी संभवतात. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें गोठलेलें असल्यामुळें समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती आणि कोंकणचा किनारा पश्चिमेकडे फार दूर होता. बर्फ वितळत गेलें तसतसा समुद्र चढला. त्याखेरीज किनाऱ्याचा एखादा तुकडा स्वतंत्रपणें खचूं शकतो. वेल्स देशांत बोर्थ येथील वाळूंतही ओहोटीच्या वेळीं ओक, पाइन वगैरे वृक्षांचीं प्राचीन खोडें दिसतात. तेथील लोकांत बुडालेल्या राज्याची दंतकथाही चालत आली आहे.

आपल्याकडील दंतकथा नेमकी उलट आहे. परशुरामानें समुद्र मागें हटवून कोंकण निर्माण केलें, असें ती सांगते. विरारकरांस तिचा अर्थ घराजवळच पाहावयास मिळतो. सोपारा हें एके काळचें नामांकित बंदर. तेथील स्तूप १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षीं उजेडांत आला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं सांपडला. आज त्या सोपाऱ्यास मोठें गलबत लागणें शक्य नाहीं, कारण खाडी गाळानें भरून गेली. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एके ठिकाणीं पाण्यानें रान गिळलें आणि दुसऱ्या ठिकाणीं गाळानें बंदर बुजविलें. किनारा ही कायमची आंखलेली रेघ नव्हे.

या गोष्टीचें महत्त्व केवळ कुतूहलापुरतें नाहीं. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर चढली आहे आणि ती चढतच आहे. वसई-विरारचा बराच भाग सखल आहे. २०१८ च्या जुलै महिन्यांतील पावसानें तेथील वस्त्या व लोहमार्ग पाण्याखालीं गेले होते. जेथें पाणी उतरण्यास वाट लागते आणि ती वाट भरतीच्या वेळीं बंद होते, तेथें जमीन किती उंच, तिच्याखालीं मुरूम आहे कीं जुन्या खाडीचा गाळ, हें घर बांधणाऱ्यास व नगररचना करणाऱ्यास आधीं कळलें पाहिजे.

तें कळण्याचें साधन प्रतिदिनीं हातचें जात आहे. विरार-नालासोपाऱ्यांत इमारतींचे पाये सारखे खणले जातात. त्या खड्ड्यांत शिंपल्यांचा थर, काळा चिखल किंवा एखादें जुनें खोड लागलें तर तें इतर मातीबरोबर गाडींत भरून जातें. गोदींतील मजुरांनाही तीं खोडें अडचणच वाटलीं असतील. जळणास तीं उपयोगीं पडलीं असतीं आणि विषय तेथेंच संपला असता. कोणी तरी तीं मोजलीं, उभीं किती व आडवीं किती हें टिपलें, जात ओळखवून घेतली, म्हणूनच आज त्यांच्यावरून कांहीं अनुमान करतां येतें.

असें टिपण करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. जागा कोणती, जमिनीपासून खोली किती, वर कोणता थर व खालीं कोणता, एवढें लिहून एक छायाचित्र घ्यावें, मिळालेला तुकडा ओला असतांनाच कापडांत गुंडाळावा, कारण वाळतांना तो तडकतो, आणि जवळच्या महाविद्यालयांतील भूगर्भशास्त्राच्या अथवा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस कळवावें. संग्रहालयांतून परततांना गाडी वसईच्या खाडीवरून जाते. मुलें तेव्हां खिडकीशींच असतात. त्या पाण्याखालच्या गाळांत काय असेल, असें त्यांस विचारून पाहावें.