मूनलाइट सोनाटा

पियानो सोनाटा क्रमांक १४, सी शार्प मायनर, ओपस २७ क्र. २ ही जर्मन संगीतकार लुडविग फान बीथोव्हेन याने इ.स. १८०१ मध्ये रचलेली तीन भागांची पियानोरचना होय. 'मूनलाइट सोनाटा' या नावाने ती जगभर ओळखली जाते. इ.स. १८०२ मध्ये व्हिएन्नातील कापी या प्रकाशकाने ती प्रसिद्ध केली. बीथोव्हेनच्या हस्ताक्षरातील प्रत बॉन येथील बीथोव्हेन-हाउस या संस्थेत जतन केलेली आहे. तिचे पहिले पान मात्र हरवलेले आहे.

नाव

'मूनलाइट' हे नाव बीथोव्हेनचे नव्हे. लुडविग रेल्श्टाब या जर्मन समीक्षकाने पहिल्या भागाची तुलना स्वित्झर्लंडमधील लुसर्न सरोवरावर पसरलेल्या चांदण्याशी केली आणि बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर (इ.स. १८२७) हे नाव रूढ झाले. स्वतः बीथोव्हेनने शीर्षकात 'क्वासी उना फान्तासिया' असे इटालियन शब्द लिहिले होते. त्यांचा अर्थ 'जणू एखादी मुक्त कल्पनारचना' असा होतो. ते शब्द रचनेच्या घडणीविषयी काही सांगतात. चांदणे केवळ एका श्रोत्याच्या मनातील चित्र सांगते. तरीही टिकले ते चांदणेच. त्याचा परिणाम वादनावरही झाला असून पहिला भाग अनेकदा अतिशय संथ आणि स्वप्नाळू वाजवला जातो.

पार्श्वभूमी

ही रचना झाली तेव्हा बीथोव्हेन तिशीत होता आणि त्याची श्रवणशक्ती कमी होऊ लागली होती. जून १८०१ मध्ये फ्रान्ट्स वेगेलर या बालमित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ही गोष्ट उघड केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच मित्राला लिहिलेल्या पत्रात एका मोहक मुलीच्या प्रेमाचा उल्लेख येतो. ही मुलगी म्हणजे त्याची शिष्या काउंटेस जुलिएटा ग्विचार्दी असावी, असे बहुतेक चरित्रकार मानतात. सोनाटा तिलाच अर्पण केलेला आहे. इ.स. १८०३ मध्ये तिने काउंट गालेनबर्ग याच्याशी विवाह केला.

या तपशिलांवरून हा सोनाटा म्हणजे विफल प्रेमाचे स्वरबद्ध पत्र, अशी कथा प्रचलित झाली. ती आकर्षक असली तरी तिचा आधार कच्चा आहे. उतारवयात जुलिएटाने संगीताभ्यासक ओट्टो यान याला सांगितले की, बीथोव्हेनने तिला आधी एक वेगळीच रचना (जी मेजरमधील रोंडो) दिली होती. ती परत घेऊन सरदार घराण्यातील दुसऱ्या एका स्त्रीला अर्पण केली आणि तिच्या बदल्यात हा सोनाटा दिला. अर्पण जर असे बदलीचे असेल, तर स्वर तिलाच उद्देशून लिहिले गेले असे म्हणणे कठीण आहे.

रचना

त्या काळच्या सोनाटाचा पहिला भाग सामान्यतः जलद व वजनदार असे. येथे तो क्रम उलटा आहे. आरंभ मंद 'आदाज्यो सोस्तेनुतो'ने होतो, मध्ये डी फ्लॅट मेजरमधील छोटा 'अलेग्रेत्तो' येतो आणि सगळा भार अखेरच्या 'प्रेस्तो अजितातो'वर पडतो. पहिल्या भागाच्या शेवटी पुढचा भाग न थांबता सुरू करण्याची सूचना आहे. पहिल्या भागात शांतपणे फिरणारे सी शार्प मायनरचेच स्वर अखेरच्या भागात झंझावातासारखे वर चढतात आणि टोकाला दोन जोरदार आघातांवर आदळतात. ही चढण हळू आवाजात सुरू करण्याची सूचना असल्यामुळे ते आघात अधिकच धक्कादायक वाटतात. केवळ पहिला भाग ऐकणाऱ्याला हा संबंध कळण्याचा मार्गच उरत नाही.

पहिल्या भागाचे वादन

वादविवाद मुख्यतः दोन सूचनांभोवती फिरतो. पहिली सूचना लयीची. स्वरलिपीतील चिन्हानुसार प्रत्येक मापात चार नव्हे, दोनच ठोके मोजायचे आहेत. त्यामुळे 'आदाज्यो' असूनही चाल रेंगाळता कामा नये. बीथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी यानेही मध्यम गतीचीच शिफारस केली आहे.

दुसरी सूचना अधिक अवघड. हा संपूर्ण भाग अत्यंत हळुवारपणे आणि 'सेन्झा सोर्दिनो' वाजवावा, असे बीथोव्हेन म्हणतो. सोर्दिनो म्हणजे येथे डँपर, अर्थात पट्टी सोडताच तारेवर बसून तिचा नाद थांबवणारा भाग. डँपर उचललेले ठेवले की तारा एकमेकींत मिसळून घुमत राहतात. तत्कालीन व्हिएन्नी पियानोंवर बहुधा गुडघ्याने दाबायच्या खटक्याने ते उचलले जात, आणि त्या वाद्यांचा नाद लवकर विरत असल्याने सुरावट धूसर होई पण बुडत नसे. आजच्या पियानोचा नाद फार दीर्घ असतो. म्हणून बहुतेक वादक सुसंवाद बदलताच पेडल बदलतात, तर आंद्राश शिफ यांच्यासारखे वादक मूळ सूचना शब्दशः पाळण्याचा आग्रह धरतात. त्या घुमणाऱ्या नादात चांदण्याची स्वच्छता राहत नाही.

चांदण्याखेरीज दुसरे वाचनही सुचवले गेले आहे. पियानोवादक एडविन फिशर याने व्हिएन्नातील एका संग्रहात बीथोव्हेनच्या हस्ताक्षरातील एक कागद पाहिल्याचे लिहिले आहे. त्यावर मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हान्नी' या ऑपेरातील कोमेंदातोरेच्या मृत्युप्रसंगाच्या ओळी सी शार्प मायनरमध्ये उतरवलेल्या होत्या. त्या प्रसंगातही तीन-तीन स्वरांचे गट संथपणे वाहतात. एकाच स्वरावर वारंवार थबकणारी पहिल्या भागाची सुरावट अंत्ययात्रेच्या पावलांशी जुळते, आणि सरोवराच्या दृश्यापेक्षा हे वाचन स्वरलिपीला जवळचे आहे.

लोकप्रियतेविषयी बीथोव्हेन स्वतः फारसा खूश नव्हता. लोक सतत याच सोनाटाविषयी बोलतात, आपण तर याहून चांगले लिहिले आहे, अशी त्याची तक्रार चेर्नीने नोंदवली आहे. उदाहरणादाखल त्याने एफ शार्प मेजरमधील सोनाटाचे (ओपस ७८) नाव घेतले होते.