बूढ़ापारा सापडत का नाही?

सी भाषेत मजकुरात एखादा शब्द शोधायचा, तर स्ट्रिंग-डॉट-एच मधलं स्ट्रस्टर हे फंक्शन वापरतात. आधी मोठी स्ट्रिंग द्यायची, मग शोधायचा शब्द. सापडला, तर तो पहिल्यांदा जिथे आला तिथला पॉइंटर मिळतो, नाहीतर नल. नल तपासल्याशिवाय तो पॉइंटर वापरायचा नाही, हा हुकूमच समजा.

पण स्ट्रस्टरला अक्षरं कळत नाहीत, ते फक्त बाइट जुळवतं. आमचा रायपूरचा बूढ़ापाराच घ्या. यातला नुक्त्याचा ढ़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकच चिन्ह घेतलं तर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट. ढ आणि नुक्ता वेगळे घेतले तर ६. पडद्यावर दोन्ही सारखेच, स्ट्रस्टर मात्र नल देतं. त्यात आपण मराठी माणसं नुक्ता देतच नाही! माजी सैनिकांच्या पत्त्यांची यादी अशी चाळली, तर मोहल्ल्यातली एखादी वीरपत्नी यादीत असूनही 'नाही' ठरते.

म्हणून यादी आणि शोधशब्द, दोन्ही आधी एनएफसी रूपात आणा. त्यात ढ़ नेहमी दोन चिन्हांत फुटतो. मग दोन्हीकडचा नुक्ता गाळा आणि शोधा. मूळ यादीला हात लावू नका, हे सगळं प्रतीवर करा.